मुद्दत आणि मुदत

आपण मराठी मुसलमान एका भाषेच्या घरात राहत नाही. नमाजात अरबी, मकतबात उर्दू, चुलीपाशी दखनी किंवा कोकणी, आणि शाळा, बाजार, कचेरी, वर्तमानपत्र हे सारे मराठीत. या चार उंबऱ्यांवरून दिवसभर ये-जा करताना काही शब्द आपल्याबरोबर सगळीकडे येतात. ते सगळीकडे सारखे दिसतात, म्हणून त्यांचा अर्थही सगळीकडे सारखाच असेल असे आपण धरून चालतो. प्रत्यक्षात उंबरा ओलांडला की शब्दाचा अर्थ पालटलेला असतो. असाच एक शब्द या लेखासाठी आम्ही घेतला आहे. उर्दूत तो ‘मुद्दत’ आहे आणि मराठीत ‘मुदत’. काळाची लांबी सांगणारा हा साधा, रोजच्या वापरातला शब्द. त्याच्यावर भाषाशास्त्रज्ञांनी लिहावे, साहित्याच्या वार्षिकात त्याचे काय काम, असे कोणी विचारील. आमचे म्हणणे असे की, या एका शब्दावर आपल्या समाजातल्या अनेक स्त्रियांची पोटगी अडलेली होती, आणि मराठी ही आपली भाषा आहे की नाही या जुन्या वादाचे उत्तरही त्यात दडलेले आहे.

आधी रोजचा वापर पाहू. सोलापूर, लातूर, औरंगाबादकडच्या एखाद्या घरात दूरचा पाहुणा आला की म्हातारी म्हणते, “मुद्दत हुई रे तेरेकू देखे.” याचा अर्थ, फार दिवस लोटले. किती दिवस ते तिने मोजलेले नसतात आणि ती मोजणारही नाही. उर्दूच्या बोलण्यात आणि गझलेत ‘मुद्दत’ अशीच येते, मागे वळून पाहणारी. सरलेला काळ, न संपणारी वाट, ताटातूट, विसरत चाललेली ओळख, हे सगळे त्या शब्दाच्या पदराला बांधलेले असते. अनेकवचनात ‘मुद्दतों’ म्हटले की तो काळ आणखी पसरतो.

त्याच घरातला मुलगा तहसील कचेरीत जातो. खिडकीमागचा कारकून त्याला सांगतो, “मुदत संपली.” इथे लोटलेल्या काळाबद्दलची हळहळ नाही. इथे एक तारीख आहे आणि ती उलटली आहे. मराठीतली मुदत पुढे पाहते, आणि पुढे पाहताना तिचे डोळे शेवटावर असतात. मुदत देतात, मागतात, वाढवून घेतात, पाळतात, चुकवतात. मराठी माणूस ‘मुदत झाली तुला पाहून’ असे कधी म्हणत नाही. म्हटलेच, तर ऐकणाऱ्याला वाटेल की भेटीचीही काही तारीख ठरली होती आणि ती टळली. एकाच शब्दाने उर्दूत काळाची लांबी दाखवली आणि मराठीत काळाचे टोक. उर्दूच्या लिखापढीत ठरलेला काळ या अर्थानेही ‘मुद्दत’ येते, हे खरे. पण विशेषण न लावता नुसती ‘मुद्दत’ म्हटली की उर्दू कानाला लांबलचक काळ ऐकू येतो आणि मराठी कानाला शेवटचा दिवस.

हा शब्द मूळचा अरबी आहे. म-द-द हा त्याचा धातू आणि ताणणे, पसरणे, लांबवणे हा त्याचा अर्थ. ज्यांनी मकतबात कायदा वाचला आहे त्यांना हा धातू लहानपणीच भेटलेला आहे. अलिफवर जी आडवी रेघ येते ती ‘मद’. कुरआन पढताना कुठे आवाज लांबवायचा आणि किती लांबवायचा याचे नियम असतात. साधा मद दोन हरकतींचा, ‘मद्दे लाजिम’ सहा हरकतींचा. उस्ताद मुलांना बोटे मिटायला-उघडायला लावून ही लांबी शिकवतात. म्हणजे आपली मुले काळ मोजण्याचा पहिला धडा घड्याळावर घेत नाहीत, बोटांवर घेतात. त्या धड्यातच एक गोष्ट स्पष्ट असते. आवाज लांबवायचा, पण मोजून. दोनाच्या जागी सहा चालत नाहीत आणि सहाच्या जागी दोन चालत नाहीत. ताणणे आणि मर्यादा हे दोन्ही अर्थ या धातूच्या वापरात पहिल्यापासून शेजारी नांदत आहेत. पुढे उर्दूने त्यातले ताणणे उचलले आणि मराठीने मर्यादा उचलली.

असे का झाले? शब्द कोणत्या दारातून आत आला यावर त्याचा स्वभाव ठरतो. उर्दूत ‘मुद्दत’ला कवितेच्या दिवाणखान्यात मानाची जागा मिळाली. मराठीत ती आली दप्तरातून. बहामनी, निजामशाही आणि आदिलशाही कारभारात महसुलाचे कागद, कौल, कर्जरोखे, तहनामे यांत फार्सी आणि मराठी एकमेकींच्या मांडीला मांडी लावून बसल्या. विजापूरच्या पहिल्या इब्राहिम आदिलशहाने सोळाव्या शतकात सरकारी हिशेब फार्सीऐवजी इथल्या भाषेत ठेवायला लावले, अशी नोंद फिरिश्ता या इतिहासकाराने केली आहे. भाषा बदलली तरी कारभार तोच होता, म्हणून कारभाराचे शब्दही टिकले. तारीख, हप्ता, वसूल, बाकी, जमा, खर्च आणि मुदत. सारा किती दिवसांत भरायचा, कर्ज कधी फेडायचे, जमीन किती सालांसाठी कसायची, हे सांगायला कारकुनाला आणि कुणब्याला जो शब्द लागत होता तो हा. दप्तरात हळहळीला जागा नसते, तारखेला असते. म्हणून मराठीत हा शब्द तारखेचा झाला. जाता जाता त्याने आपला एक ‘द’ही टाकला आणि मराठी जिभेला सोपा होऊन बसला. लिंग मात्र बदलले नाही. अरबीत, उर्दूत आणि मराठीत तो स्त्रीलिंगीच राहिला.

मराठीने त्याला कसे वागवले हे पाहायचे असेल तर त्याचा गोतावळा पाहावा. मुदत ठेव, मुदतवाढ, मुदतपूर्व, मुदतबाह्य, अंतिम मुदत, विहित मुदत. ‘विहित मुदतीत अर्ज सादर करावा’ हे वाक्य ज्याने वाचले नाही असा मराठी माणूस सापडणार नाही. ‘विहित’ शुद्ध संस्कृत, ‘मुदत’ अरबी, आणि त्यांना जोडणारा प्रत्यय मराठी. ‘मुदतबाह्य’मध्ये अरबी शब्दाला संस्कृत शेपूट आहे आणि औषधाच्या बाटलीपासून न्यायालयातल्या दाव्यापर्यंत ते सगळीकडे चालते. खेड्यापाड्यांत टायफॉइडला ‘मुदतीचा ताप’ म्हणतात. प्रतिजैविके नव्हती त्या काळात हा ताप तीन-चार आठवड्यांची आपली मुदत घेऊनच यायचा, म्हणून हे नाव. ज्या भाषेने आपल्या आजाराला नाव द्यायला एखादा शब्द वापरला, त्या भाषेत तो शब्द पाहुणा राहिला आहे असे कोण म्हणेल?

या गोतावळ्यात आणखी एक शब्द आहे, तो कचेरीने घडवला नाही, कामगारांनी रूढ केला. ‘बेमुदत’. फार्सी उपसर्ग, अरबी शब्द, आणि त्यापुढे संप, उपोषण, धरणे, बंद. १८ जानेवारी १९८२ रोजी मुंबईच्या कापड गिरण्यांचा बेमुदत संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार डॉ. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली बाहेर पडले. त्यांत कोकणातले, घाटावरचे मराठे होते, दलित होते, आणि मदनपुऱ्यातल्या वस्त्यांतून साचेखात्यावर जाणारे मोमीन विणकरही होते. तो संप रीतसर मागे घेतल्याची घोषणा कधी झालीच नाही. संप बेमुदत होता, तो शब्दशः बेमुदत राहिला. गिरण्या गेल्या, चाळी गेल्या. ज्या घरांनी ते दिवस काढले त्यांच्या तोंडी ‘मुदत’चा उर्दू अर्थ आणि मराठी अर्थ एकच झाला असेल. ‘बे’ लावल्यावर मराठीतली मुदत पुन्हा आपल्या जुन्या, न संपणाऱ्या मुद्दतीकडे वळते.

आता वादाकडे येऊ. मराठीतले अरबी-फार्सी शब्द काढून टाकावेत हा विचार नवा नाही. शिवाजी महाराजांच्या आज्ञेवरून तयार झालेल्या राज्यव्यवहारकोशाने कारभारातल्या यावनी शब्दांना संस्कृत पर्याय दिले. त्यामागे स्वतंत्र राज्याला स्वतःची परिभाषा हवी हा हेतू होता आणि तो समजण्यासारखा आहे. विसाव्या शतकात सावरकरांनी भाषाशुद्धीची चळवळ चालवली, तिचा सूर निराळा होता. तिथे शब्द परका ठरवताना तो बोलणारा माणूसही परका ठरत होता. माधव जूलियनांचे उदाहरण या बाबतीत विचार करायला लावते. त्यांनी १९२५ साली फार्सी-मराठी कोश सिद्ध केला, मराठीत गझल आणि रुबाई रुजवली, आणि पुढे तेच ‘भाषाशुद्धि-विवेक’ लिहून शुद्धीच्या बाजूला उभे राहिले. एकाच माणसाने शब्दांची यादी केली, आणि मग त्यांना निरोप कसा द्यावा याचा विचारही केला.

या सगळ्यातून ‘मुदत’ तरली. ‘अवधी’, ‘कालमर्यादा’, ‘कालावधी’ हे शब्द आले, त्यांनी आपापली जागा घेतली, पण ‘मुदत’ हलली नाही. कारण सोपे आहे. कालावधी म्हणजे नुसता काळाचा तुकडा. मुदतीत दोन माणसे असतात, एक देणारा आणि एक घेणारा. सावकार कुणब्याला कालावधी देत नाही, मुदत देतो. आणि कालावधी ‘पाळला’ असे कोणी म्हणत नाही, मुदत पाळतात. जो शब्द माणसामाणसांतला करार सांगतो त्याला नुसते मोजमाप सांगणारा शब्द हटवू शकत नाही. शब्द चळवळींनी जात नाहीत, त्यांचे काम दुसऱ्याने केले तर जातात.

परंतु शुद्धीवाद्यांना बोल लावून आम्हाला थांबता येत नाही. त्यांचाच विचार उलट्या बाजूने आपल्यातही आहे. आपल्यातली काही उर्दू शिकलेली मंडळी मराठीतल्या अशा शब्दांकडे पाहून हसतात. ‘मुद्दत’ची ‘मुदत’ केली, फाजील म्हणजे विद्वान, मराठीने त्याचे फाजील लाड आणि फाजील आत्मविश्वास केले, गरीब म्हणजे परका, परदेशी, त्याचा कंगाल केला, असे म्हणतात. त्यांच्या लेखी मराठी म्हणजे बिघडलेली उर्दू. शुद्धीवादी म्हणतो, हा शब्द तुमचा आहे, परत घ्या. आपला उर्दूदां म्हणतो, हा शब्द आमचा आहे, तुम्ही बिघडवला. दोघांचेही म्हणणे एकच, की हा शब्द मराठी नाही. दोघेही शब्दाचा जन्मदाखला पाहतात, त्याचे राहते घर पाहत नाहीत. मग आपण, ज्यांचा जन्मदाखलाही इथला आणि राहते घरही इथले, त्यांनी कोणाच्या बाजूने साक्ष द्यायची?

शिवाय मराठीने अर्थ बिघडवला हे म्हणणे वस्तुस्थितीला धरूनही नाही. कुरआनात सूरह तौबाच्या चौथ्या आयतीत ‘मुद्दत’ हा शब्द आला आहे. प्रसंग तहाचा आहे. ज्यांनी तुमच्याशी केलेला करार मोडला नाही, त्यांच्याशी ठरलेला करार त्याच्या मुदतीपर्यंत पुरा करा, असा त्या हुकुमाचा आशय आहे. इथे मुद्दत म्हणजे हळहळीचा लांबलचक काळ नव्हे. दोन पक्षांनी मान्य केलेला, शेवट ठरलेला आणि पाळायचा काळ. म्हणजे आमच्या तहसील कचेरीतली मुदत गझलेतल्या मुद्दतीपेक्षा या आयतीला जवळची आहे. गझलेचा अर्थ कमी प्रतीचा आहे असे आम्ही म्हणत नाही. तो सुंदर आहे. पण तोच मूळ आणि मराठीचा अर्थ भ्रष्ट, ही समजूत टिकत नाही. मराठी कारकुनाने न कळत शब्दाची एक जुनी बाजू जपून ठेवली.

इथपर्यंत गोष्ट शब्दांची होती. आता ती माणसांची होते.

‘मुद्दत’ची एक शेजारीण आहे, ‘इद्दत’. ऐकायला सख्खी बहीण वाटते, पण तिचा धातू निराळा. ‘अदद’ म्हणजे संख्या, त्याच धातूतून ‘इद्दत’, म्हणजे मोजणी. रमजानच्या रोज्यांची मोजणी पुरी करा असे सांगताना सूरह बकरात हाच शब्द येतो. तलाकानंतर तीन पाळ्या, ज्यांना पाळी येत नाही त्यांना तीन महिने, विधवेला चार महिने दहा दिवस, गरोदर स्त्रीला बाळंत होईपर्यंत, ही इद्दतीची मोजणी. ती आहे कशासाठी? पोटात मूल आहे का हे कळावे, वंशाचा घोळ होऊ नये, आणि रागाच्या भरात तुटलेले जुळवायला दोघांना वेळ मिळावा यासाठी. इद्दत म्हणजे थांबण्याचे दिवस. त्या दिवसांत बाईला घराबाहेर काढू नका असेही स्पष्ट सांगितलेले आहे.

१९८५ च्या एप्रिलमध्ये सर्वोच्च न्यायालयाने शहाबानो खटल्याचा निकाल दिला. इंदूरच्या या वृद्ध स्त्रीला उच्च न्यायालयाने महिना १७९ रुपये २० पैसे पोटगी ठरवून दिली होती, ती सर्वोच्च न्यायालयाने कायम केली. त्यावरून देशभर जे वादळ उठले ते आपल्या पिढीने पाहिले आहे. १९८६ साली संसदेने मुस्लिम स्त्रियांसाठी निराळा कायदा केला. त्याच्या तिसऱ्या कलमात म्हटले आहे की, तलाक दिलेल्या पत्नीसाठी पतीने वाजवी आणि न्याय्य तरतूद व पोटगी इद्दतीच्या मुदतीत करावी व द्यावी.

या वाक्यातला ‘मुदतीत’ हा शब्द नीट वाचावा. अनेक वर्षे अनेकांनी, त्यांत वकीलही आले आणि मौलवीही आले, तो ‘मुदतीपुरती’ असा वाचला. तीन महिने पैसे दिले की नवऱ्याची जबाबदारी संपली, असा अर्थ लावला गेला. मराठी बोलणाऱ्याला हा फरक समजावून सांगावा लागत नाही. घरमालक म्हणाला, “आठ दिवसांच्या मुदतीत भाडे द्या,” तर भाडे आठ दिवसांचेच द्यायचे असा अर्थ कोणी करील का? भाडे वर्षाचेही असू शकते, ते देण्याची शेवटची तारीख मात्र आठव्या दिवशी. ‘मुदतीत’ हे सांगते की कधीपर्यंत द्यायचे. ‘मुदतीपुरती’ हे सांगते की कितीसाठी द्यायचे. एका ‘त’च्या जागी ‘पुरती’ बसवली आणि बाईचे उरलेले आयुष्य तीन महिन्यांत गुंडाळले गेले.

काही उच्च न्यायालयांनी हा फरक आधीच ओळखला होता. २००० साली मुंबई उच्च न्यायालयाच्या पूर्णपीठानेही स्त्रीच्या बाजूचा अर्थ घेतला. मग २८ सप्टेंबर २००१ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने दानियल लतीफी खटल्यात निर्णय दिला. लतीफी हे शहाबानोचेच वकील, त्यांनी १९८६ च्या कायद्याला आव्हान दिले होते. न्यायालयाने कायदा रद्द केला नाही. त्याने तो वाचला. तरतूद इद्दतीच्या मुदतीत करायची आहे, पण ती स्त्रीच्या पुढच्या आयुष्याचा विचार करून करायची आहे, असा अर्थ न्यायालयाने लावला. जी गोष्ट मोर्चांनी आणि फतव्यांनी सुटली नाही ती एका विभक्तिप्रत्ययाच्या नीट वाचनाने बरीचशी सुटली. त्यानंतर १० जुलै २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने हेही स्पष्ट केले की, तलाकशुदा मुस्लिम स्त्रीला फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १२५ खाली पोटगी मागण्याचा मार्ग खुलाच आहे. ती संहिता आता गेली असून तिच्या जागी आलेल्या नागरिक सुरक्षा संहितेत ते कलम १४४ आहे. इतके होऊनही ‘इद्दतीपुरते दिले, आता काय?’ हा प्रश्न मोहल्ल्यांत ऐकू येतो. कायदा बदलायला जेवढा वेळ लागतो त्यापेक्षा चुकीचे वाचन बदलायला जास्त लागतो.

एकाच बैठकीत तीनदा तलाक उच्चारण्याच्या प्रथेचा दोषही काळाच्या शब्दांतच सांगता येतो. तलाकाच्या रीतीत जी मुदत होती तीच या प्रथेने काढून टाकली. उच्चार आणि तुटणे यांच्यामध्ये जे थांबणे होते, ज्यात माणसाला आपल्या बोलण्याकडे परतून पाहता येत होते, ते उरले नाही. २२ ऑगस्ट २०१७ च्या निकालाने ही प्रथा रद्द झाली आणि २०१९ च्या कायद्याने तिला गुन्हा ठरवले. या फौजदारी कायद्याबद्दल आपल्यात मतभेद आहेत आणि ते असू शकतात. पण मुदत नसलेला तलाक हा अन्याय आहे, याबद्दल मतभेद राहू नयेत.

निकाहनाम्याकडेही याच नजरेने पाहावे. मेहेरच्या रकान्यात दोन शब्द असतात. एक ‘मुअज्जल’, ऐनने लिहिलेला, म्हणजे तातडीने द्यायचा. दुसरा हमजाने लिहिलेला, म्हणजे पुढे ढकललेला, त्यात ‘अजल’ म्हणजे मुदत हा शब्द आहे. उर्दूत तो ‘मुवज्जल’ असा उच्चारतात. अरबी लिपीत एका अक्षराचा फरक, देवनागरीत लिहिताना तोही कित्येकदा पुसला जातो. अर्थ मात्र उलटे. सही करणाऱ्या मुलीला आणि तिच्या बापाला आपण कुठल्या रकान्यावर सही केली हे ठाऊक असते का? पुढे ढकललेल्या मेहेरला तारीख घातली नसेल तर तो तलाक किंवा मृत्यू यांपैकी काही घडल्यावरच देय होतो. आणि देय झाल्यावर दावा करायला कायद्याने सर्वसाधारणपणे तीन वर्षांचीच मुदत आहे. बाई मुद्दतीच्या अर्थाने वाट पाहत बसते आणि न्यायालय मुदतीच्या अर्थाने दार लावून घेते. निकाहनाम्यात मराठीत स्वच्छ ‘तातडीचा मेहेर’ आणि ‘मुदतीचा मेहेर’ असे लिहिले आणि मुदतीपुढे तारीख घातली, तर दीनाचे काही उणे होणार नाही. उलट सूरह बकराच्या सर्वांत लांब आयतीत, ठरावीक मुदतीचे देणे-घेणे असेल तर ते लिहून ठेवा, असे सांगितलेच आहे. मेहेर हे तर नवऱ्यावरचे कर्ज समजले जाते.

या दोन अर्थांतले अंतर तुरुंगातही दिसते. टाडा हा कायदा १९९५ च्या मे महिन्यात मुदत न वाढवल्यामुळे संपला. पण त्याखाली आधी दाखल झालेले खटले संपले नाहीत. मुंबईच्या १९९३ च्या बॉम्बस्फोटांच्या खटल्याचा निकाल २००६-०७ मध्ये लागला. त्या स्फोटांत माणसे मेली, दोषींना शिक्षा व्हायलाच हवी होती. पण जे निर्दोष सुटले त्यांनाही त्या शब्दासाठी डझनभर वर्षे थांबावे लागले. कायद्याची मुदत संपली होती, आरोपीच्या घरातली मुद्दत चालूच होती. आपल्या कथा-कादंबऱ्यांना हा विषय आहे, आणि तो मांडायला हे दोन शब्द शेजारी ठेवणे पुरे आहे.

इथे आपल्या लेखनाबद्दल बोलणे भाग आहे. १९९० साली सोलापुरात पहिले मुस्लिम मराठी साहित्य संमेलन भरले. तेव्हापासून आपण मराठीत लिहितो म्हणजे काय करतो, याची चर्चा चालू आहे. खरे तर सतराव्या शतकात श्रीगोंद्याच्या शेख महंमदांनी ‘योगसंग्राम’ लिहिला तेव्हाच या प्रश्नाचे एक उत्तर मिळाले होते. तरीही आपल्यातले बरेच लेखक अजून दबकत लिहितात. इद्दत, मेहेर, वजू, खतना असे शब्द आले की लगेच कंस येतो आणि कंसात अर्थ येतो. न पाहिलेल्या वाचकाला घर दाखवत आहोत अशा थाटात हे लेखन होते. आणि त्याच पानावर मुदत, हजर, तारीख, हकीकत, जबाबदारी हे शब्द बिनकंसाचे येतात, कारण ते कोणालाच परके वाटत नाहीत. म्हणजे शब्दाला कंस लागतो तो त्याच्या अरबी जन्मामुळे लागत नाही. तो किती वेळा, किती सहजपणे वापरला गेला यावर ते ठरते. मुदतीला कोणी कंसात घातले नाही म्हणूनच ती मराठी झाली. इद्दतीलाही तोच मार्ग आहे. कथेतली बाई इद्दतीत बसली आहे, तिची सासू दार ओढून घेते आहे, हे नीट लिहिले तर वाचकाला अर्थ कळतो. नाही कळला तर तो शेजाऱ्याला विचारील. तेवढे विचारणेसुद्धा आजच्या दिवसांत वाईट नाही.

उलट बाजूने अनुवादकांनाही सांगणे आहे. उर्दू गझलेचा मराठीत अनुवाद करताना ‘मुद्दत’ची सरळ ‘मुदत’ करू नये. मराठी वाचकाच्या डोळ्यांपुढे बँकेची पावती उभी राहते आणि शेर तिथेच मरतो. ‘किती काळ लोटला’, ‘वर्षे गेली’, ‘कैक दिवसांनी’, जिथे जे बसेल ते घ्यावे. पण आपल्या कथेतली दखनी बोलणारी आजी जेव्हा ‘मुद्दत’ म्हणते तेव्हा तिची ‘मुद्दत’ तशीच ठेवावी, दोन्ही ‘द’ शाबूत ठेवून. मराठी कोशांत ‘मुदत’ आहेच. तिच्याशेजारी ‘मुद्दत’ ही निराळी नोंद व्हावी, अर्थ ‘फार दिवस, लोटलेला काळ’, असे आम्हाला वाटते. ती करून घ्यायला अर्ज-विनंत्या लागत नाहीत. आपण लिहिले आणि लोकांनी वाचले की कोशकार नोंद घेतो.

शेवटी एक साम्य सांगून आटोपते घेतो. म-द-द याच धातूतून अरबीत ‘मदद’ होते, जी मराठीत ‘मदत’ झाली. मदत आणि मुदत यांत मराठीत केवळ एका उकाराचे अंतर आहे. अडचणीतल्या कर्जदाराला हात सैल होईपर्यंत सवड द्या, आणि कर्ज सोडून दिलेत तर ते तुमच्यासाठी अधिक चांगले, असे सूरह बकरात सांगितले आहे. तिथे मुदत देणे हीच मदत आहे. मुदत तारखेची बेडी होऊ शकते आणि मुदत आधारही होऊ शकते. ती काय होईल हे देणाऱ्याच्या नियतीवर अवलंबून असते. आपल्या घरातल्या तलाकशुदा लेकीला, कर्जात बुडालेल्या भावाला, तुरुंगातून सुटून आलेल्या शेजाऱ्याला आपण कोणती मुदत देतो, यावरून आपल्याला या शब्दाचा अर्थ कळला की नाही ते ठरेल. कोशातला अर्थ त्यानंतरचा.